डायलिसिसची मशीन खोलीत बंद होती, तेव्हा आमच्या ताईंनी काय केलं

आईला डायलिसिस लागलं जून 2023 मध्ये. पेरणीचे दिवस, मी कृषी सेवा केंद्रात कामाला त्यामुळे सुट्टीचं नाव काढायची सोय नाही, आणि आईच्या पायावर सूज, जेवण जात नाही, सारखं मळमळतंय असं महिनाभर चाललेलं. आम्ही आपलं पित्त समजून गोळ्या देत होतो. शुगर तिला 14 वर्षांपासून आहे पण शुगरने किडनी जाते हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) 8.6 निघालं, डॉक्टरांनी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले दोन्ही किडन्या जवळपास बंद आहेत, आठवड्यातून दोनदा तरी मशीनवर घ्यावं लागेल, तीनदा झालं तर चांगलंच, आणि हे आता कायमचं. त्यांच्यासमोर मी नुसती मान हलवली. कायमचं म्हणजे काय ते परतीच्या एसटीत बसल्यावर डोक्यात शिरलं.

हे सगळं लिहायला बसलोय ते आमच्या भागातल्या माजी जिल्हा परिषद सदस्य ताईंसाठी. नाव लिहू नको असं त्यांनीच बजावलंय म्हणून नुसतं ताई लिहितो. पक्षही लिहित नाही, त्याचा इथे काही संबंध नाही.

सुरुवात झाली रेशन कार्डापासून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होतं एवढं ऐकून होतो, तेव्हा योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 1.5 लाख होती (1 जुलै 2024 पासून ती 5 लाख झाली). आमचं कार्ड केसरी, म्हणजे बसत होतो. पण दवाखान्यातल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या पोराने, कागद बघितले आणि परत दिले, कारण रेशन कार्डावर आईच्या नावाला पुढे "बाई" लावलेलं आणि आधार कार्डावर नाही. दोन अक्षरं. तो पोरगाही वाईट नव्हता, म्हणाला सिस्टीममध्ये नाव जुळलं नाही तर मंजुरीच येत नाही हो, मी काय करू. मग तहसीलला पुरवठा शाखेत गेलो, अर्ज दिला, पुढच्या आठवड्यात गेलो तर साहेब मीटिंगला, त्याच्या पुढच्या वेळी अर्जच सापडेना. तोपर्यंत तीन डायलिसिस पैसे भरून केले होते, मानेत कॅथेटर (डायलिसिससाठीची नळी) टाकलेला त्याचे वेगळे.

चुलत्यांनी सांगितलं ताईंकडे जा. मी म्हटलं त्यांची मुदत तर मार्च 2022 लाच संपली, जिल्हा परिषदेवर प्रशासक आहेत, आता त्यांचं कोण ऐकणार. चुलते म्हणाले जाऊन तर बघ.

ताई ओट्यावर बसून कुणाचे तरी कागद वाचत होत्या. चष्मा नाकावर, बाजूला एक जाड लांबडी वही. माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दादा, पोहोच कुठाय?" मी गप्प. अर्ज दिला होता पण पोहोच घेतलीच नव्हती. त्यांनी मला तिथंच बसवून नवीन अर्ज लिहायला लावला, दोन प्रती, खाली जोडलेल्या कागदांची यादी, दवाखान्याचं पत्र वर, आणि म्हणाल्या एक प्रत आत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मला वाटलं त्या गाडी काढतील, फोन लावतील. तसं काही नाही. म्हणाल्या, "तुम्ही एकटे जा. मी आले तर काम होईल पण उद्या दुसऱ्या कामाला परत माझीच वाट बघत बसाल. आठ दिवसांत नाही झालं तर मग मी येते, आणि मी आले की उत्तर घेऊनच उठते." खरं सांगतो, तेव्हा थोडा राग आला होता मला. काम पाच दिवसांत झालं.

त्या अशा का आहेत हे मला नंतर कळलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचं अध्यक्षपद त्या भागातल्या जिल्हा परिषद सदस्याकडे असतं. बहुतेक जण त्या मीटिंगला सही करून चहा पिऊन येतात असं आमच्याकडे लोकच सांगतात, पण ताईंनी पहिल्याच वर्षी खर्चाची फाईल घरी मागवून वाचली होती. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्रातलं जनरेटर बंद पडलेलं, त्याची दुरुस्ती कुठल्या हेडमधून करायची ह्यावर आठवडा गेला, तेव्हापासून त्यांनी शिकून घेतलं की पैसा कुठून निघतो, सही कुणाची लागते आणि कागद कुठे अडकतो. बारावी शिकलेल्या आहेत. शासन निर्णय छापून आणून पेन्सिलने खुणा करत वाचतात.

योजनेत नाव बसलं, आमचं डायलिसिस सुरू झालं जिल्ह्याच्या ठिकाणी. गावापासून 68 किलोमीटर. मंगळवार आणि शुक्रवार. मुक्कामी गाडी पहाटे साडेपाचला निघते, तिने जायचं, नऊपर्यंत नंबर लावायचा, चार तास मशीन, नंतर अर्धा तास झोपवून ठेवायचं कारण बीपी खाली येतं, मग स्टँड, मग दुपारची गाडी, घरी यायला सहा. आईला येताना पायात गोळे यायचे, सीटवर पाय पसरायला जागा नाही, मी खाली बसून पोटऱ्या दाबायचो, बाकीचे लोक बघायचे. उलटीसाठी पिशवी कायम खिशात. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे तेवढं तरी बरं म्हणत होतो, आणि दोन महिन्यांनी ताईंकडून कळलं की डायलिसिसच्या पेशंटला साध्या गाडीला एसटी मोफत आहे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. डेपोत गेलो, मिळालं. दोन महिने मी दवाखान्यात बसत होतो, रोज तिथं पंधरावीस पेशंट येतात, कुणीही कुणाला हे सांगितलेलं नव्हतं.

जुलैत आईच्या डाव्या हाताला फिस्टुला केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हातातली शीर आणि धमनी एकमेकीला जोडतात म्हणजे शीर जाड होते आणि तिच्यात दर वेळी दोन सुया टोचता येतात. तयार व्हायला दीडदोन महिने जातात. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हाताचं बीपी बघायचं नाही, कुणाला त्यातून रक्त काढू द्यायचं नाही. आणि रोज हात लावून बघायचं की आत चालू आहे का. मी रात्री झोपताना आईच्या मनगटाच्या वर दोन बोटं ठेवतो, आतून घुरघुर लागते, मांडीवर झोपलेल्या मांजराच्या पोटाला हात लावल्यासारखी. ती लागली की मला झोप येते. अजूनही.

ऑगस्टमध्ये तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आईचं एक रक्त तपासायला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका कर्मचाऱ्याने सहज सांगितलं, अहो इथेच मशीन आलेत की डायलिसिसचे, तीन आहेत. मला खरं वाटेना. त्याने मागच्या बाजूची खोली दाखवली. दाराच्या काचेतून बघितलं तर तीन मशीन ओळीने उभ्या, अंगावर प्लास्टिक तसंच, प्लास्टिकवर धूळ इतकी की कुणीतरी बोटाने स्वस्तिक काढलेलं. मशीनवर एक कागद चिकटवलेला, बसवल्याची तारीख लिहायची जागा कोरी. आमच्या गावापासून ते रुग्णालय 11 किलोमीटर आहे. मी तिथं बराच वेळ उभा होतो.

तिथून थेट ताईंच्या घरी. त्यांनी ऐकलं आणि आधी एक गोष्ट सरळ सांगितली, जी मला आवडली. म्हणाल्या, "हे माझ्या हातातलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथे मला बोलता येतं. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे राज्याच्या आरोग्य खात्याचं, सिव्हिल सर्जनच्या खाली. आणि आता तर मी सदस्य पण नाही. पण माग काढू." मला खोटं आश्वासन देणारे पुष्कळ भेटलेत, त्यामुळे हे ऐकून उलट बरं वाटलं.

त्यांनी दोन कामं केली. एक म्हणजे मला माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रश्न फक्त चार: मशीन कधी आल्या, कुठल्या कारणाने सुरू नाहीत, त्या कारणासाठी कुणाला कोणत्या तारखेला पत्र गेलं, आणि त्या पत्राचं उत्तर काय आलं. मी दोन पानं भरून लिहिलं होतं, त्यात राग होता सगळा. ताईंनी ते बाजूला ठेवलं. म्हणाल्या रागाला उत्तर देत नाहीत, तारखेला द्यावं लागतं.

दुसरं काम म्हणजे यादी. त्यांनी तालुक्यातल्या ओळखीच्या आशाताईंना फोन केले, प्रत्येकीला विचारलं तुमच्या गावात डायलिसिसवर कोण आहे. पंधरा दिवसांत वहीत 23 नावं झाली. वहीत रकाने आखलेले, नाव, गाव, वय, कुठे जातात, किती किलोमीटर, आठवड्यातून किती वेळा, सोबत कोण जातं, काम कुणाचं बुडतं. शेवटचे दोन रकाने त्यांनी मुद्दाम घातले होते. ती वही मी हातात घेऊन वाचली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्यापेक्षा वाईट हाल असलेले कितीतरी आहेत. डोंगराकडच्या एका वाडीतला माणूस 95 किलोमीटर जात होता. एका म्हाताऱ्या बाबांच्या "सोबत कोण" ह्या रकान्यात नुसती रेघ होती. एका घरात बारावीतली मुलगी वडलांना घेऊन जाते म्हणून तिची शाळा आठवड्यातले दोन दिवस बुडते, ते "काम कुणाचं बुडतं" मध्ये लिहिलेलं.

माहिती अधिकाराचं उत्तर महिन्याच्या आत आलं. कारण काय तर पाणी आणि वीज. डायलिसिसच्या एका वेळेला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, मिनिटाला 500 मिली प्रमाणे चार तास. ते साधं फिल्टरचं पाणी नाही चालत, वेगळा आरओ प्लांट लागतो कारण रक्ताला फक्त एका पातळ पडद्याआडून ते पाणी लागणार असतं, त्यात क्लोरीन, क्षार, जंतू काही राहून चालत नाही. आईला दिवसभरात प्यायला मोजून एक लिटर पाणी, आणि तिच्या रक्तासाठी मशीनला 120, हा हिशोब मी तिला सांगितला तर ती बराच वेळ काही बोलली नाही. तर रुग्णालयात बोअरचं पाणी, जड. प्लांटची टाकी बसवायला शेड नाही, विजेचं लोड कमी. त्याचं अंदाजपत्रक बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेने केलं होतं, ते वर गेलं आणि परत आलं कारण दर जुन्या दरसूचीचे लावलेले. नवीन दराने सुधारून पाठवा असा शेरा. आणि तो शेरा आल्यापासून सात महिने ते पत्र आवकमध्ये नोंद होऊन पडून होतं. कुणी चोरी केलेली नाही, कुणी मुद्दाम अडवलेलं नाही, ज्याच्या टेबलला आलं त्याची बदली झाली आणि नवीन माणसाला कुणी सांगितलं नाही.

ताई ते उत्तर घेऊन त्या ऑफिसला गेल्या तेव्हा मी सोबत होतो. मला वाटलं भांडण होणार. त्यांनी खुर्चीवर बसून आधी वही उघडून त्या इंजिनिअर साहेबांसमोर ठेवली आणि म्हणाल्या हे 23 जण ह्या पत्राची वाट बघतायत, त्यांना माहीत पण नाही की ते पत्र आहे. साहेबांनी नावं वाचली. त्यातल्या एका गावाचे ते स्वतः होते. अंदाजपत्रक नवीन दराने तीन आठवड्यांत तयार झालं.

पण पैसा? त्यासाठी जिल्हा नियोजन समितीतून मंजुरी पाहिजे होती आणि तिथे आमदारांचं वजन लागतं. आमदार ताईंच्या पक्षाचे नाहीत. नोव्हेंबरमध्ये पंचायत समितीची आमसभा होती, आमसभेला अध्यक्ष आमदारच असतात आणि कुणालाही उठून बोलता येतं. ताई मला म्हणाल्या तुम्ही बोला, मी बोलले तर राजकारण होईल. मी आयुष्यात माईक धरला नव्हता. यादीतले आठ जण आणि त्यांच्या घरचे येऊन बसले होते, आईला पण नेलं होतं, मंगळवार नव्हता म्हणून. मी फार काही बोललो नाही, एक मंगळवार कसा जातो ते सांगितलं, साडेपाचच्या गाडीपासून सहा वाजेपर्यंत, आणि सांगितलं की 11 किलोमीटरवर तीन मशीन उभ्या आहेत आणि अडकलेला कागद हा हा आहे, नंबर हा, तारीख ही. आवाज कापत होता. आमदारांनी कागद मागून घेतला आणि तिथंच वैद्यकीय अधीक्षकांना उभं करून विचारलं हे खरं आहे का. ते म्हणाले खरं आहे. आमदारांनी पालकमंत्र्यांना पत्र दिलं आणि नुसतं देऊन थांबले नाहीत, त्यांच्या पीएने पुढे दोनदा ताईंना फोन करून प्रत मागितली. मला इथे मनापासून सांगायचंय की त्यांनी पण काम केलं. ताईंनी सगळीकडे जाहीरपणे त्यांचंच नाव घेतलं, आमच्यातल्या काहींना ते पटलं नाही, पण त्या म्हणाल्या नाव त्यांना घेऊ दे, पाणी आपल्याला येऊ दे.

त्यानंतरचे दोन महिने मला नीट आठवतात कारण सगळे आचारसंहितेच्या तारखेवर डोळा ठेवून होते. लोकसभा येणार हे ठरलेलं. प्रशासकीय मान्यता फेब्रुवारीत आली, तांत्रिक मान्यता, मग टेंडर. कार्यारंभ आदेश निघायच्या आत आचारसंहिता लागली असती तर काम जूनपर्यंत गेलं असतं आणि मार्च एन्डला निधी परत गेला असता तो वेगळाच. ताई त्या काळात आठवड्यातून दोनतीन दिवस त्या ऑफिसात जाऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत म्हणे, नुसत्या बाकावर बसून शासन निर्णय वाचायच्या. आदेश निघाला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. 16 मार्च 2024 ला आचारसंहिता लागली. काम आधीच सुरू झालेलं होतं म्हणून थांबलं नाही.

आरओ प्लांट मे महिन्यात बसला, पाण्याचे नमुने तपासायला गेले, एकदा नापास झाले, टाकी परत धुतली, परत पाठवले. मग टेक्निशियन. त्याची जागा कंत्राटी, भरायला जुलै उजाडला. दोन नर्स सिस्टरना जिल्ह्याला ट्रेनिंगला पाठवलं. ऑगस्टमध्ये सगळं तयार झालं आणि मग कळलं की उद्घाटनाची तारीख मिळत नाहीये म्हणून पेशंट लावलेले नाहीत. नऊ दिवस गेले असे. ह्या नऊ दिवसांत ताईंना मी पहिल्यांदा चिडलेलं बघितलं. त्यांनी आमदारांनाच फोन लावला, स्पीकरवर होता म्हणून ऐकला मी, म्हणाल्या, "साहेब, रिबन केव्हाही कापता येईल, पेशंट आधी लावू द्या, मी स्वतः येऊन टाळ्या वाजवते." आमदार म्हणाले कुणी थांबवलंय, उद्याच सुरू करा. दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

आणि आता जे लिहितोय ते लिहायला मला थोडं जड जातंय. टेक्निशियन एकच, म्हणजे एकच शिफ्ट. तीन मशीन, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे 18 वेळा, प्रत्येकाला दोनदा म्हटलं तर नऊ पेशंट. यादीत 23. माझ्या मनात होतं की आईचं नाव नक्की असणार, अर्ज मी केला, आमसभेत मी बोललो. ताईंकडे गेलो आणि तसं म्हणालोही. त्यांनी मला पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, मी एकही नाव सांगणार नाही. डॉक्टर ठरवतील. मी आज तुमचं नाव सांगितलं तर उद्या दुसरा कुणी त्याच्या माणसाचं सांगेल आणि ज्याचं कुणीच नाही तो शेवटपर्यंत शेवटीच राहील." डॉक्टरांनी अंतर आणि सोबत कोण आहे ह्यावर ठरवलं. वाडीवरचा माणूस, एकटे बाबा, बारावीतल्या मुलीचे वडील, हे सगळे आधी लागले. आई नव्हती. घरी येऊन सांगितलं तर आईने फक्त विचारलं, म्हणजे शुक्रवारी पण पहाटेचीच गाडी? मी हो म्हटलं. दोन दिवस मी ताईंच्या घरावरून गेलो नाही, दुसऱ्या रस्त्याने गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला की दुसऱ्या टेक्निशियनसाठी अर्ज टाईप करायचाय, दुकानात कॉम्प्युटर आहे ना तुमच्या. गेलो. त्यांचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, फक्त पचत नव्हतं.

त्या एकट्या बाबांचं थोडं सांगतो कारण मशीन जवळ आली म्हणजे सगळं झालं असं नसतं. त्यांना स्टँडपर्यंत आणायलाच कुणी नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्यांच्या दोन पाळ्या चुकल्या. ताईंनी त्यांच्या गावच्या बचत गटातल्या बायकांशी बोलून वार लावून दिले, एक जण रिक्षात बसवून द्यायची, एक जण संध्याकाळी घरी जाऊन बघायची की जेवले का, जास्त पाणी तर पीत नाहीत ना. त्यांचं वय 65 च्या वर, मुलगा नाही, श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 मिळायला पाहिजे होते पण अर्जच केलेला नव्हता कारण उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला कोण नेणार. ते झालं. यादीतल्या आणखी एकाचा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली काढलेला, त्यांना व्हीलचेअर मिळाली ती ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या 5 टक्के निधीतून. हा निधी प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून खर्च करायचाच असतो. सरपंचांना माहीत होतं, निधी होता, मागायला कुणी आलेलं नव्हतं. आणि घरोघर डायलिसिसच्या माणसाला सांभाळणाऱ्या ज्या बायका आहेत, माझी बायको धरून, त्यांच्याशी ताई वेगळ्या बोलतात. माझ्या बायकोची मजुरी दीड वर्षात किती बुडाली हे मला कधी सुचलं नव्हतं विचारायला, त्यांनी विचारलं, वहीत लिहिलं.

मधे विधानसभेची आचारसंहिता, 15 ऑक्टोबरपासून, त्यात दुसऱ्या टेक्निशियनची नेमणूक अडकली. यादीतले तीन जण तोपर्यंत गेले. त्यातले एक काका आमच्याच मंगळवारच्या गाडीला असायचे, खिडकीची सीट आईला द्यायचे.

आईचा नंबर जानेवारी 2025 मध्ये लागला, दुपारच्या शिफ्टला. पहिल्या दिवशी सवयीने ती पहाटे साडेचारलाच उठून, डोक्यावर पदर घेऊन, पिशवी भरून ओट्यावर बसलेली. मी म्हटलं आई अजून सात तास आहेत. ती म्हणाली असू दे, आणि तिथंच बसून राहिली उजाडेपर्यंत. त्या दिवशी बाराला निघालो आणि संध्याकाळी सहालाच घरी आलो, म्हणजे पोचायची वेळ तीच, पण सकाळ पूर्ण तिची होती. सकाळी तिने अंगणात बसून नातीची वेणी घातली, हळद कांडायला काढली आणि बायकोने हातातलं काढून घेतलं कारण फिस्टुलाचा हात. मीही आता मंगळवारी सकाळी दुकान उघडतो आणि दुपारी जातो, मालकांनी अर्धाच खाडा धरायला सुरुवात केली. येताना पायात गोळे अजून येतात पण 11 किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं, तेवढ्यात घर येतं.

वहीत आता 31 नावं आहेत. नवीन पेशंट वाढतच चाललेत, त्यातले बरेच शुगरचे आणि बीपीचे, म्हणून ताईंनी आशाताईंना बरोबर घेऊन गावागावात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचा आग्रह धरलाय. आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपीची तपासणी मोफत होते पण लोक जात नाहीत, आम्हीही गेलो नव्हतो. आणि आणखी दोन मशीनची मागणी केलीय. त्याचा अर्ज मीच टाईप केला, यादी जोडली, गेलेल्यांची नावं काढू का विचारलं तर ताई म्हणाल्या राहू दे, पुढे तारीख लिही फक्त. गेल्या सोमवारी जाऊन देऊन आलो. पोहोच घेतली, आवक नंबर वहीत लिहिलाय.